लिंबावरचा भोंगा

जानेफळात वीज यायची होती, तेव्हा लग्नात लाउडस्पीकर लावायला मेहकरचा उकंडराव बॅटरीवरचं मशीन बैलगाडीत घालून यायचा. सोळा ओहमचे दोन भोंगे, एक मांडवावर, एक कडुलिंबावर, बरोबरीने जोडले की मशीनवर भार येतो आठ ओहमचा, म्हणून त्या दिवशीच्या लग्नातही त्याने बटण आठावर ठेवलं होतं. अशात एक भोंगा सुटला, तर मशीन जळायची भीती.

मंगलाष्टकं चालू असताना त्याची नजर पायाशी गेली. लिंबावरच्या भोंग्याची वायर तिथेच पडली होती. जोडायची राहूनच गेली होती.

उकंडरावाने झटकन मशीनवर हात ठेवला. पण मशीन नेहमीइतकंच कोमट होतं, आणि लिंबावरचा भोंगा खणखणीत वाजत होता.

त्याने घाईघाईने वायर जोडली. तसं मशीन घरघरलं, तापलं. जणू त्याच्यावर तिसरा भोंगा चढवला होता. त्याने वायर ओढून काढली. घरघर थांबली. मशीन वाचलं! त्याचा जीव भांड्यात पडला.

"भाऊ, तो लिंबावरचा भोंगा लय गोड वाजून राह्यला," नवरीची आई सत्यभामाबाई येऊन म्हणाल्या. "पंगती उठेपर्यंत बंद नको करजो."

"नाही करत, मावशी," सुटी वायर गुंडाळत उकंडराव म्हणाला. "मले करताही येत नाही."