दोन ठोक्यांची लेन

हिंजवडीच्या रस्त्यावर सोबत-लेनची कमान गाडीतल्या हृदयांचे ठोके मोजायची. निदान दोन माणसांचे ठोके मिळाले तरच आडवा दांडा वर जायचा. एकट्या माणसाला शेजारच्या गर्दीत तासभर रांगावं लागे. म्हणून ओजस आठ महिने शैलामावशीला रोज बरोबर न्यायचा. ती दिवसभर त्याच्या ऑफिसच्या बागेत विणत बसायची आणि संध्याकाळी पुन्हा त्याच्याबरोबर परतायची.

त्या सकाळी कमानीवर आकडा उमटला, एक.

"मावशी, वाकू नकोस गं, नीट टेकून बस!" ओजस खेकसला. "मशीनला तू सापडत नाहीयेस."

मावशी टेकून बसली. आकडा तोच राहिला. मागच्या बसने हॉर्न वाजवला.

"साडेनऊची मीटिंग आहे माझी. काय चाललंय तुझं?"

"अरे, पहाटेपासून छातीत कसंतरी होतंय," मावशी हळूच म्हणाली. "पण मी आले नसते तर तुला उशीर झाला असता ना."

तेव्हा कुठे त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. ती घामाने निथळत होती. त्याच्या हाका ऐकून बसमधले लोक धावत आले. त्यांनी तिला उचलून बसमध्ये आडवं केलं, ओजसची गाडी कडेला ढकलली आणि ड्रायव्हरने बस थेट हॉस्पिटलला नेली.

मावशी वाचली.

"ठोके फारच क्षीण झाले होते," डॉक्टर म्हणाल्या. "हा त्रास त्यांना कधीपासून होतोय?"

रोज ती त्याच्यापासून हातभर अंतरावर बसत होती.

"मी कधी विचारलंच नाही," ओजस फरशीकडे बघत म्हणाला.