पात्यांखालची पाखरं

बायकोला मूठमाती देऊन आठच दिवस झाले होते. ओढ्याजवळच्या तिच्या थडग्यावर तरसाची पावलं दिसली, एका कडेला माती उकरलेली. मी धोंडे आणून रचू लागलो.

"दाजी, धोंड्यांनी तरस थांबतंय व्हय?" मेव्हणा म्हणाला. "पवनचक्क्या आल्या, तसं पठारावरची कपार सोडून ते खाली ओढ्याला आलं. पोट भरलं तरच गप बसंल."

मी पठारावर चढलो. पात्याचा फटका बसलेली एक घार चक्कीखाली मरून पडली होती. ती आणून ओढ्यापलीकडे टाकली. सकाळी तिथे नुसती पिसं होती, आणि थडग्याला धक्का नव्हता.

तेव्हापासून रोज जातो. कधी घार मिळते, कधी वटवाघळं. बायको अंगणात पाखरांना दाणे टाकायची. मी एखादं पडावं म्हणून पात्यांकडे बघत बसतो.

पण तीन दिवस काहीच पडलेलं नाही, आणि आज थडग्यावरचे दोन धोंडे खाली ओढलेले दिसले. सगळ्या चक्क्यांखाली हिंडलो. पाती जोरात फिरताहेत. आभाळात एकही पाखरू नाही. तरसासारखी पाखरंही पठार सोडून गेली. खाली ओढ्यावर सावली उतरते आहे.