मानपत्रातली चूक

निषाद घरी बसून लोकांसाठी भाषणं, जाहिराती, मानपत्रं लिहायचा. त्याचे वडील, शरच्चंद्र गुरुजी, याला काम मानायला तयार नव्हते. गुरुजी निवृत्त झाले, तेव्हा शाळेने त्यांचं मानपत्र निषादकडूनच लिहून घेतलं, पण गुपचूप. निरोप समारंभात त्यातला, पोटदुखीने कळवळणाऱ्या मुलाला पाठुंगळीला घेऊन घाटावरच्या कुडपणहून पोलादपूरच्या दवाखान्यात नेणारा बाप ऐकताना लोकांनी डोळे पुसले.

घरी जाताना गुरुजी म्हणाले, “लिहिणाऱ्याने एक चूक केली आहे.”

“कोणती, अण्णा?”

“तुझं पोट दुखत नव्हतं. शाळा बुडवायला रचलं होतंस ते.”

“मग एवढा घाट उतरून नेलंत कशाला?”

“खाली पोचेपर्यंत मला खरंच वाटलं रे. तेव्हाच ओळखलं, एवढं बेमालूम रचणारा हा काही नोकरी करणार नाही.”