डिंकाचे लाडू

राजशेखर मॉरिशसच्या हॉटेलात कामाला लागून दोन वर्षं झाली होती. "मोठी खोली मिळू दे, तुला नेतोच," असं तो फोनवर म्हणाला, की इकडं निलंग्यात त्याच्या बायकोच्या, मंजुश्रीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

परवा सासूनं तिला त्याच्यासाठी डिंकाचे लाडू करायला बसवलं.

"आत्याबाई, तिथं तर बारा महिने उकाडा. डिंक सोसंल का त्यांना?"

"कंबर लई दुखायलीय म्हने त्याची. तूप सढळ हातानं घाल."

मंजुश्रीनं हौसेनं चाळीस लाडू वळले. व्हिसासाठी काढलेले आपले फोटोही सोबत जावेत म्हणून तिनं सासूनं बांधलेलं खोकं हळूच सोडलं.

 

तळाशी तिच्याच मऊ पडलेल्या साडीचं, सासूनं हातानं शिवलेलं झबलं होतं.