वर केलेली हनुवटी

"अहो सातपुते, स्क्रीनकडे बघताना मान का वर करताय?" चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"जवळचा नंबर काचेत खाली आहे ना! हनुवटी उचलल्याशिवाय अक्षर दिसत नाही. मान पार धरलीय."

बाईंनी फक्त कॉम्प्युटरसाठी वेगळा चष्मा दिला. सोमवारी हेडक्लार्क सातपुते ऑफिसात मान सरळ ठेवून बसले. काय सुख!

दुपारपर्यंत जो तो येऊन रजा मागून गेला. शिपाई तर त्यांच्याच टेबलाला टेकून शेंगदाणे खाऊ लागला. "साहेब, आज माणसात आलात," तो म्हणाला. "एरवी तुमचा तोरा बघून आम्ही लांबूनच मागे फिरायचो."

सातपुत्यांनी ड्रॉवरमधला जुना चष्मा चढवला आणि हनुवटी उचलली. मान कळवळली.

शिपायाने शेंगदाण्यांची पुडी पटकन खिशात घातली.