पाठीवरची चेन

किसाबुरो ड्रॅगनच्या रबरी सोंगात शिरला, की पाठीवरची चेन लावायची ती रेन्जीनंच. ती आतून उघडत नसे, म्हणून किसाबुरो दुसऱ्या कुणाला पाठीला हातही लावू देत नसे. आज तो आत घामानं निथळत शॉटची वाट पाहत होता, तेवढ्यात बाहेर दिग्दर्शक पुटपुटला, "हळू बोल, म्हातारा ऐकेल."

रेन्जी हसला. "छे हो साहेब, एवढ्या रबरातून त्याला काय डोंबल ऐकू येतंय! पुढच्या सिनेमात ड्रॅगन मीच. चालसुद्धा त्यानंच शिकवलीय मला."

शॉट संपला. पाठीवर ओळखीची थाप पडली.

"दादा, गुदमरला असाल. उघडू ना?"

ड्रॅगनची अवजड मान आधी डावीकडे वळली, मग उजवीकडे.