रुंद पट्टा

भास्कररावांनी बॅगेतून बीपीचं यंत्र काढलं आणि जेवणाच्या टेबलावर तीन पट्टे मांडले. एक लहान मुलांचा, एक नेहमीचा आणि एक भलामोठा, पैलवानी दंडांसाठीचा. बीपी मोजायला खरं तर एक पट्टा पुरतो. पण डॉक्टर घरचाच काका होता, आणि काम नाजूक होतं.

आतल्या खोलीत सौमित्र पडून होता. दोन्ही किडन्या गेलेल्या. सोमवारी अमदाबादला जायचं, बरोबर किडनी देणारं माणूस हवं आणि त्याचं बीपी ठीक असल्याचा सहीशिक्क्याचा कागद. रक्त दोघींचं जुळत होतं, बहीण नीराचं आणि बायको निरुपमाचं.

आधी नीरा बसली. चांगला भरलेला दंड तिचा, आणि काकांनी उचलला तो पोराटोरांचा पट्टा! ओढून ताणून कसाबसा आवळला. नीरा कळवळली.

"एकशे अठ्ठावन्न. ही बाद."

"अगंबाई!" स्नेहलताबाई म्हणाल्या. लेक सुटल्याचा आनंद त्यांना लपवता येईना. खोबरेल आणून त्या तिचा दंड चोळत बसल्या.

मग निरुपमा. हात कसला, नुसती काडी. तिला नेहमीचा पट्टा लावला. एकशे बावन्न. पुन्हा मोजलं, एकशे चोपन्न.

"रोज सकाळी डोकं जड असतं माझं," ती म्हणाली. "मागेही सांगितलं होतं मी."

"एमां शुं गभरावानुं!" काका निजामपुऱ्यातल्या दवाखान्यात गुजराती पेशंटशी बोलायचे तसंच बोलले. "घाबरलीस की चढतं."

"भावजी, तो मोठा लावून बघा की," स्नेहलताबाई म्हणाल्या.

अरुंद पट्टा आकडा फुगवतो, रुंद पट्टा उतरवतो. दंड बघून पट्टा घ्या, हे भास्करराव तीस वर्षं शिकाऊ नर्सना दटावून सांगत आले होते. त्यांनी तो रुंद पट्टा निरुपमाच्या दंडाला गुंडाळला. काखेपासून कोपरापर्यंत हात दिसेनासा झाला.

"एकशे तीस, ब्याऐंशी. फर्स्ट क्लास!"

निरुपमाने पट्ट्याकडे बघितलं, मग नीराकडे. "काका, हाच नीराला लावा ना एकदा. दोघींना एकच."

नीराने मान खाली घातली. स्नेहलताबाईंचा तेलाचा हात थांबला.

"तिचं लग्न व्हायचंय अजून," त्या म्हणाल्या. "तुझं झालंय."

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. सौमित्रला सगळं ऐकू येत होतं. त्याने केबलवरच्या मॅचचा आवाज वाढवला.

"तिकडे पुन्हा मोजतील," निरुपमा म्हणाली.

"मोजू देत. मी येतोय ना बरोबर. पट्टाही येतोय."

ह्या घराच्या तीन पिढ्या संस्थानच्या कचेरीत गेलेल्या. कागदावर चढलं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा. भास्कररावांनी वळणदार अक्षरात आकडा लिहिला, सही ठोकली, शिक्का मारला. स्नेहलताबाईंनी कागदाच्या कोपऱ्याला कुंकू लावलं आणि तो देवापुढे नेऊन ठेवला. लग्नपत्रिका ठेवतात तसा.

निघताना काकांनी बॅगेतून गोळ्यांचं एक पाकीट काढून निरुपमाच्या हातावर ठेवलं.

"आजपासून रोज सकाळी एक. चुकवायची नाही. तुझं बीपी खरंच जास्त आहे गं."

ती त्या पाकिटाकडे बघतच राहिली. रडावं की ओरडावं, तिला कळेना. तेवढ्यात स्नेहलताबाई पाण्याचा पेला घेऊन आल्या. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आज पहिल्यांदा त्यांनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला.

"घे बाई, घे. आता जिवाला जपायला हवं तुला. आमच्या सौमित्रची किडनी आहे ना आत."